रेंज फुल्ल, नेट गुल

गेल्या महिन्याच्या २० तारखेला रात्री साडेदहा वाजता मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. नाशिकच्या अंबडमधल्या दोन वर्कशॉपवाल्यांचं जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं राहिलं होतं. २० तारीख चुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि ती माझ्या अशिलाच्या माथी. वरच्या खोलीत माझं टेबल आहे, खुर्ची आहे, फायली आहेत. पण नेट मिळतं ते जिन्यात. चौथ्या पायरीवर गेलं की ओटीपी टाकेपर्यंत पोर्टल बाहेर फेकतं. स्वतःच्या घरात, महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून!

आमचं इंदिरानगरमधलं रो-हाउस आहे, वीस वर्षांपूर्वीचं. नऊ इंची विटांच्या भिंती आणि मध्ये सळयांनी भरलेला स्लॅब. फायबर जोडायला आलेल्या मुलाने पुढच्या दाराच्या खिडकीतून वायर आत घेतली आणि तिथेच, बुटांच्या कपाटावर, राउटरचा डबा ठोकला. मी विचारलं, दादा, वरच्या मागच्या खोलीत येईल ना? "ताई, पूर्ण घरात रेंज येते, काळजी करू नका." वर जाऊन बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत त्याने. प्लॅन १०० एमबीपीएसचा. डब्याशेजारी उभं राहिलं तर ९४ दाखवतो, माझ्या टेबलावर ३. रस्ता खोदताना फायबर तुटली तर मी समजू शकते, सध्या नाशिकमध्ये कुठला रस्ता धड आहे? पण इथे लाइन ठणठणीत आहे आणि माझ्याच घरातल्या बारा पायऱ्या तिला चढता येत नाहीत.

तक्रार केली तर फोनवरची मुलगी म्हणते, राउटर बंद करून चालू करा. चार वेळा केलं! बंद-चालू केल्याने स्लॅब पातळ होतो का?

मग एम. जी. रोडवर गेले. दुकानदाराने दोन वाक्यांत एक्स्टेंडर, म्हणजे राउटरचं वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, हातात दिला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३०० एमबीपीएस. "प्लगमध्ये लावा, रेंज डबल." लावला. निळा दिवा लागला, फोनवर सगळ्या दांड्या भरल्या, मला हायसं वाटलं. स्पीड मोजला तर ५. या दांड्यांचा मला मनापासून राग आहे. त्या फक्त फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातली ताकद दाखवतात. एक्स्टेंडरलाच खालून काय मिळतंय, हे त्या सांगतच नाहीत. मेलेल्या जागेत लावला तर तो मेलेलंच नेट पुढे वाटणार. आणि एकाच बँडवर चालणारा स्वस्तातला असेल तर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर बोलतो, दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून वेग साधारण निम्मा होतोच. हे दुकानदाराला माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. परत न्यायला गेले तर "खोकं उघडलंय मॅडम."

मग मेश, म्हणजे घरभर ठेवून एकच वायफाय पसरवणारे जोडीचे डबे. दोन डब्यांचे आठ हजार. ॲप डाउनलोड करा, खातं उघडा, लोकेशन द्या. माझ्या घरातलं वायफाय लावायला यांना माझं लोकेशन कशाला हवं? तेही दिलं. एक डबा खाली, एक वर. थोडं सुधारलं, १८-२०. पण संध्याकाळी मुलीचा क्लास आणि आईंचं कीर्तन एकदम सुरू झालं की माझा व्हिडिओ कॉल गोठायचा. कारण मेशचे दोन डबे एकमेकांशी हवेतूनच बोलतात, आणि मध्ये तोच स्लॅब. वायफायच्या दोन बँडपैकी ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंतीपुढे लगेच दमतं. २.४ भिंतीतून जातं, तर तिथे अख्ख्या कॉलनीच्या वायफायची गर्दी.

आठ हजार घालवल्यावर हे मला कोणी सांगितलं? पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनदादांनी! म्हणाले, "ताई, दोन डब्यांमध्ये वायर का नाही टाकली?" हॉलमधून गच्चीपर्यंत भिंतीत जुन्या केबल टीव्हीचा पाइप आहे, आणि तो माझ्या खोलीतल्या बोर्डावरूनच जातो. त्यात कित्येक वर्षं पडून असलेली काळी केबल होती. दादांनी खालच्या टोकाला नवी कॅट-६, म्हणजे नेटची, वायर चिकटपट्टीने घट्ट गुंडाळली, वर जाऊन जुनी केबल ओढली, आणि तिच्यामागून निळी वायर माझ्या टेबलाशी बाहेर आली. धुळीने माखलेली. अर्धा तास लागला. वीस मीटर वायर आणि त्यांची मजुरी धरून हजाराच्या आत. वरचा डबा त्या वायरला जोडला आणि माझ्या टेबलावर ९१ आले. मला रडू यायचं बाकी होतं, रागाने.

म्हणजे पहिल्याच दिवशी त्या मुलाने पाच मिनिटं घर फिरून बघितलं असतं, तर माझे दहा हजार वाचले असते आणि सहा महिने जिन्यात बसून कंबर मोडली नसती. डबा विकण्यात पैसा आहे, वायर टाकण्यात नाही, म्हणून वायरचं नावच कोणी काढत नाही. एकानेही विचारलं नाही की भिंत कसली आहे, काम कुठे बसून करता, घरात जुना पाइप आहे का.

काल शेजारच्या काकूंकडे तोच मुलगा आला होता, तसाच दारामागे डबा ठोकत होता. मी सरळ आत गेले आणि म्हटलं, थांबा, आधी वरच्या खोलीत वायर न्या, यांच्याही भिंतीत पाइप आहे. तो म्हणाला, "मॅडम, कंपनी तेवढी वायर देत नाही. रेंज नाही आली तर एक्स्टेंडर लावा ना." काकू माझ्याकडे बघत होत्या. मी वायरमनदादांचा नंबर त्यांच्या कॅलेंडरवर लिहून आले.