आठ गुण म्हणजे शून्य

एचआरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट दर दोन-तीन महिन्यांनी फिरून परत येते. "जगातले ७७ टक्के कर्मचारी मन लावून काम करत नाहीत. त्यापायी दरवर्षी ८.९ ट्रिलियन डॉलर पाण्यात जातात. सर्व्हे करा, एंगेजमेंटचा स्कोअर वाढवा, नफा आपोआप वाढेल. आणि लक्षात ठेवा, लोक कंपनी सोडत नाहीत, बॉसला सोडतात." खाली अंगठ्यांची रांग. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात हेच सर्व्हे मी वर्षानुवर्षं राबवतोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी ते ७७ टक्के. आकडा गॅलप या अमेरिकन सर्व्हे कंपनीच्या २०२४ च्या अहवालातला. त्यात २३ टक्के 'एंगेज्ड' (मन लावून काम करणारे), ६२ टक्के 'नॉट एंगेज्ड' (कामापुरतं काम करणारे) आणि १५ टक्के 'ॲक्टिव्हली डिसएंगेज्ड' (उघड नाराज) होते. पोस्टवाल्याने शेवटच्या दोघांची बेरीज केली आणि सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं. वेळेवर येणारा, ठरलेले नग काढणारा आणि शिफ्ट संपली की थेट बस पकडणारा माणूस त्या ६२ टक्क्यांत बसतो. त्याला कामचुकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच अहवालात युरोप १३ टक्क्यांवर, म्हणजे जगात सगळ्यात खाली आहे. आमच्याकडचं सगळ्यात भरवशाचं ग्राइंडिंग मशीन जर्मनीहून आलंय. मन न लावताच बनवलं असणार.

८.९ ट्रिलियन कुणाच्या खात्यातून गेलेले नाहीत. तो गॅलपने बांधलेला अंदाज आहे, आणि गॅलप स्वतः हे सर्व्हे विकते. पुढे जाऊ.

"स्कोअर वाढला की नफा वाढतो." उलटंही असू शकतं ना? ज्या कंपनीचं बरं चाललंय तिथे बोनस वेळेवर होतो, माणसं कमी करायची भाषा निघत नाही, मग लोक खूशच असणार. मानसशास्त्रज्ञ बेंजामिन श्नायडर आणि सहकाऱ्यांनी ३५ कंपन्यांची ८ वर्षांची माहिती तपासून २००३ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यात आधी कंपनीची कमाई आणि मागून एकूण समाधान, हा धागा उलट्या धाग्यापेक्षा जास्त पक्का निघाला. एवढ्याने प्रश्न कायमचा सुटला असं नाही, पण पोस्टमधलं 'आपोआप' कुठून आलं?

आता मुद्द्याचं: "सर्व्हे करा."

हल्ली सगळ्यांना एका प्रश्नाचा सर्व्हे आवडतो. 'ही कंपनी मित्राला नोकरीसाठी सुचवाल का? ० ते १० गुण द्या.' पद्धत मुळात ग्राहकांसाठी होती, व्यवस्थापन सल्लागार फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेली. ९-१० देणारे चाहते, ७-८ देणारे जमेत ना खर्चात, ६ आणि त्याखालचे नाराज. चाहत्यांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा करायचे. आता बघा: दहाच्या दहा जणांनी ८ दिले तर स्कोअर शून्य. पाच जणांनी १० आणि पाच जणांनी थेट ० दिला तरी स्कोअर शून्यच! पहिल्या ठिकाणी निवांत चाललंय, दुसऱ्या ठिकाणी उद्या संप होईल. त्यात आपल्याकडे ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, घरी पेढे. आमच्या एका फिटरने प्रेमाने ६ दिले होते. तो नाराजांत मोजला गेला.

'सर्व्हे निनावी आहे' हे दुसरं प्रकरण. नाव विचारत नाहीत, पण विभाग, स्त्री की पुरुष आणि नोकरीची वर्षं भरायला लावतात. आमच्या क्वालिटीत सहा जण, त्यात एकच बाई. तिने मला विचारलं, "सर, मी लिहिलेलं कुणाला कळणार नाही ना?" मी नाही म्हणालो. संध्याकाळी एक्सेलमध्ये दोन फिल्टर लावले आणि तिचीच ओळ उरली. सगळीकडे ८. मी तिच्या जागी असतो तर मीही ८ च दिले असते. तेव्हापासून पाचपेक्षा लहान गटाचा निकाल मी वेगळा काढून देत नाही. साहेब चिडतात.

सुपरवायझर तर आदल्या दिवशीच सांगून ठेवतात, "नऊच्या खाली जाऊ नका रे, मग आपल्यालाच मीटिंगा." कारण स्कोअर त्यांच्या अप्रेझलला जोडलाय. आणि लाइनवरच्या कंत्राटी पोरांना लिंक जातच नाही, ती 'आपली' नाहीत. मोजणी सुरू होण्याआधीच लाइनचा मोठा भाग बाहेर.

बॉसचं वाक्य अर्धं खरं आहे. त्याच्या पुराव्याला 'फरकातला ७० टक्के वाटा मॅनेजरचा' हा गॅलपचा आकडा चिकटवतात, पण तो एका टीमच्या आणि दुसऱ्या टीमच्या एंगेजमेंट स्कोअरमधल्या फरकाबद्दल आहे, राजीनाम्यांबद्दल नाही. आमच्याकडे पोरं सोडतात ती शेजारच्या कंपनीत दोन हजार जास्त मिळतात म्हणून, किंवा नाइट शिफ्टची बस बंद झाली म्हणून.

मग विचारायचंच नाही का? विचारा, पण करता येईल तेवढंच विचारा आणि काय केलं ते महिन्याभरात नोटीस बोर्डावर लावा. त्याबरोबर न विचारता कळणारं बघा: पहिल्या तीन महिन्यांत किती जण गेले, कुणाची रजा किती वेळा नाकारली, तक्रार किती दिवस पडून राहिली.

आमच्या तिसऱ्या लाइनवरचा पंखा बंद होता. पहिल्या वर्षीच्या शेऱ्यांत कुणीतरी ते लिहिलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा, शेवटी तीन उद्गारचिन्हं. तिसऱ्या वर्षी शेऱ्यांत पंखा नव्हता, त्या लाइनचा स्कोअरही थोडा वर गेला होता, आणि प्रेझेंटेशनमध्ये त्याला हिरवा बाण मिळाला. मी जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन बघितलं. पंखा बंदच होता.