३०० चा प्लॅन, नवा राउटर, तरी स्पीड ९४ च: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत त्यावर माझं काही म्हणणं नाही, पण हा प्रश्न घेऊन दुकानात सारखं कोणी ना कोणी येतं म्हणून इथेच नीट लिहितो.

तुम्ही लिहिलंय की प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, आमच्याकडून ५,४०० चा वायफाय ६ वाला राउटर नेला तरी मोबाइलवर पण ९४ आणि लॅपटॉपवर पण ९४, त्याच्या वर काटा जातच नाही, आणि विचारायला आलात तर काउंटरवरच्या पोराने मोडेम बदलावा लागेल सांगितलं, म्हणजे आधी राउटर विकायचा आणि मग मोडेम गळ्यात मारायचा. शिवाय तोच मोडेम ऑनलाइन ९०० ला मिळतो.

पोराने सांगितलं ते बहुतेक बरोबरच आहे सर. पण मोडेम माझ्याकडूनच घ्या असं अजिबात नाही, उलट तुमच्या बाबतीत तर तो विकत घ्यायच्या आधी नेटवाल्याला फोन करा असंच मी म्हणेन.

आता ९४ चं बघा. वायफाय कमी पडत असतं ना, तर आकडा एका जागी थांबलाच नसता, हॉलमध्ये १८० आला असता, बेडरूममध्ये ६०, किचनमध्ये अजून काहीतरी. दोन वेगळ्या मशीनवर दर वेळी ९४ म्हणजे मध्ये कुठेतरी लिंक १०० वर अडकलीय. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून पॅकेटचा वरखर्च वजा जाता ९४-९५ च हातात येतात. फायबरच्या बऱ्याच जुन्या डब्यांना, म्हणजे ज्याला आपण मोडेम म्हणतो आणि नेटवाले ओएनयू म्हणतात त्याला, लॅन पोर्ट, म्हणजे राउटरकडे जाणारी वायर लावायची जागा, १०० चाच असतो. तुम्ही दुकानात सांगितलं होतं की कनेक्शन घेतलं तेव्हा प्लॅन ५० चा होता, त्या वेळी तो डबा पुरेसाच होता. पुढे प्लॅन वाढला, डबा तोच राहिला.

खात्री करायची असेल तर राउटरच्या ॲपमध्ये किंवा सेटिंगच्या पानावर वॅन पोर्टची, म्हणजे मोडेमची वायर जिथे लागते त्या पोर्टची, लिंक स्पीड बघा, तिथे १०० दिसेल. पण लगेच डब्यावर खापर फोडू नका, आधी मोडेम आणि राउटरच्या मधली वायर बदला. गिगाबिटला, म्हणजे १००० च्या लिंकला, वायरीतल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, त्यामुळे एखादी तार तुटली किंवा क्लिप नीट क्रिंप झालेली नसली तरी नेट चालू राहतं आणि गुपचूप १०० वर येतं, कुठला लाल लाइट नाही की काही नाही. राउटरच्या खोक्यात जी छोटी वायर आली होती ती लावून बघा, तुमच्या फोटोत जुनीच पांढरी चपटी वायर दिसतेय. लिंक १००० झाली तर विषय तिथेच संपला, एक रुपया खर्च नाही.

नाही झाली तर मग डबा. आणि इथे लोक उलटं करतात, राउटरला शोभेल असा मोडेम शोधत बसतात. मोडेम राउटर बघून घ्यायचाच नसतो, तो लाइन बघून घ्यायचा. आमच्याकडे काहीजण जुन्या टेलिफोन ब्रॉडबँडचा मोडेम घेऊन येतात की हा चालेल का, त्याला फोनची वायर लागते, फायबर त्यात जाणार कुठून. फायबरमध्येही जीपॉन आणि ईपॉन असे दोन प्रकार आहेत, तुमच्या नेटवाल्याच्या ऑफिसमधली मशीन ज्या प्रकारची असेल त्याच प्रकारचा डबा चालतो. एक्सपॉन लिहिलेले डबे दोन्हीकडे चालतात, पण तेही नुसते लावून नेट सुरू होत नाही, जीपॉनला डब्याचा सिरियल नंबर आणि ईपॉनला मॅक आयडी (डब्यावर छापलेला त्याचा ओळख नंबर) नेटवाल्याने त्याच्या बाजूने चढवावा लागतो. तो चढवायला तयार नसेल तर ९०० चा घ्या नाहीतर ३,००० चा घ्या, शोपीसच.

ऑनलाइन ९०० वाल्याची जी लिंक तुम्ही दिलीय तिचं पान मी उघडून वाचलं. त्यात लॅन पोर्टसमोर एफई लिहिलंय, म्हणजे फास्ट इथरनेट, म्हणजे परत १०० च. तुम्हाला जीई, म्हणजे गिगाबिट इथरनेट, लिहिलेला पोर्ट हवा. अजून एक, फायबरच्या वायरीच्या टोकाचा कनेक्टर आणि डब्यावरची जागा यांचा रंग जुळतोय का ते बघा. हिरव्या कनेक्टरचं टोक ८ अंशात तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवं निळ्यात बसतं खरं, पण मध्ये फट राहते आणि सिग्नल पडतो, आणि जीपॉनला सिग्नल उणे २७ डीबीएमच्या खाली गेला की एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल लाइट लुकलुकायला लागतो किंवा नेट सारखं तुटतं.

म्हणून नेटवाल्याला फोन करून एवढंच म्हणा की माझा प्लॅन ३०० चा आहे, मला गिगाबिट पोर्टचा ओएनयू द्या आणि तो ब्रिज मोडला, म्हणजे राउटिंग न करता नुसतं नेट पुढे देईल असा, टाकून द्या. बरेचजण डिपॉझिटवर देतात, जुना जमा करून घेतात. ब्रिज अशासाठी की मग पीपीपीओईचं, म्हणजे नेटवाल्याच्या लॉगिनचं, युजरनेम पासवर्ड थेट तुमच्या राउटरमध्ये पडतं आणि सगळं राउटिंग तोच करतो. आत्ता दोन्ही डबे राउटिंग करतायत, मुलाच्या गेममध्ये नॅट स्ट्रिक्ट (म्हणजे बाहेरच्या खेळाडूंशी थेट जोडणी अडते) दाखवतं असं तुम्ही लिहिलंय त्याचं एक कारण हे असू शकतं. ब्रिज केल्यावरही तसंच राहिलं तर नेटवाल्याकडे पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमच्या कनेक्शनचा वेगळा इंटरनेट पत्ता, मागावा लागेल, त्याला राउटर किंवा मोडेम काही करू शकत नाही. घरात लँडलाइन असेल तर तिची वायर ओएनयूलाच राहू द्या, आणि ब्रिज करताना फोन चालू राहील ना हे त्या माणसाला आधीच विचारून घ्या, काहीजण घाईत तेही कॉन्फिगरेशन उडवतात.

राउटर परत घेणार का असं विचारलंत. तुम्ही घेतलेल्या राउटरचे सगळे पोर्ट गिगाबिट आहेत, ३०० तो आरामात काढेल, म्हणून आत्ताच परत करू नका. वायर बदला, नेटवाल्याकडून डबा बदलून घ्या, आणि वॅनला १००० दिसत असूनही स्पीड ९४ च राहिला तर बिल आणि खोकं घेऊन या, पूर्ण पैसे परत देतो. नेटवाला डबा द्यायला टाळाटाळ करत असेल तर त्याच्या माणसाला दुकानाच्या नंबरवर फोन लावायला सांगा, जीपॉन की ईपॉन, व्हीलॅन (लाइनवर सेट करायचा नंबर) किती, हे मी त्याच्याशी बोलून घेतो.