३१५ ग्रॅमने हलके होण्याचा राजमार्ग

खांदा भरून येतोय? मान धरते? मग दोष बैठ्या नोकरीचा नसून डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या जड कॅमेऱ्याचाच, हे आधी पक्कं करा. निकॉन डी७२०० बॅटरी-कार्डासकट ७६५ ग्रॅम. निकॉनचाच मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, झेड५० फक्त ४५०. आरसा गेला, वरचं प्रिझम गेलं, ३१५ ग्रॅम वाचले. घरात कुणी नव्या कॅमेऱ्याची किंमत विचारली की हाच आकडा सांगायचा. पुन्हा विचारली तर पुन्हा सांगायचा.

जुन्या लेन्स मात्र विकू नका. अडॅप्टर आहे ना! लेन्स अडकते त्या जुन्या माउंटपासून फोटो टिपणारा सेन्सर ४६.५ मिलिमीटरवर, नव्यात १६ वर. मधले ३०.५ मिलिमीटर भरून काढायला एफटीझेड नावाची नळी आहे, वजन १३५ ग्रॅम. उरली बचत १८० ग्रॅम. पुढे २.३ किलोची २००-५०० मिलिमीटरची झूम लेन्स लावा आणि भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपायला निघा. वजन कमी झाल्याचं खांद्याला तोंडी सांगा, त्याचं त्याला कळणार नाही.

लाडकी ५० मिलिमीटर एफ/१.८डीही न्या. तिचा फोकस फिरवणारी मोटर डी७२००च्या पोटात होती. ती झेड५०मध्येही नाही आणि नळीतही नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलंय का, हे खरेदीआधी बघणं अरसिकपणाचं. हाताने फोकस करण्यातही गंमत असते. विशेषतः पळणाऱ्या नातवाचा.

बॅटरी एकच घ्या. सीपा या कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या मोजणीत जुनी १११० फोटो काढायची, नवी सुमारे ३००. पण आकड्यांवर कोण विश्वास ठेवतो? कॅमेरा चालू ठेवूनच गळ्यात अडकवा. पोट टेकलं की डोळा ओळखणाऱ्या सेन्सरला वाटतं मालक आले, आणि तो तुमच्या बेंबीला थेट प्रक्षेपण दाखवू लागतो. बंद करायची कडी शटरच्या बटणाभोवतीच आहे, बोटाच्या टप्प्यात. तिला हात लावू नका.

लेन्स बदलायची तर वाऱ्यात, कॅमेऱ्याचं तोंड आभाळाकडे करून. पुढे आरसा नाही, त्यामुळे सेन्सर अगदी अंगणासारखा मोकळा. झेड५०मध्ये तो झटकून साफ करायची सोयही नाही. लेन्सचं छिद्र बारीक करून, एफ/१६ला, निळ्या आभाळात काळे ठिपके दिसले की तोंडाने जोरात फुंका. थुंकी वाळली की ठिपके कायमचे ओळखीचे होतात. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने उडवणं हे भित्र्यांचं काम.

लग्नात सायलेंट मोड, म्हणजे बिनआवाजाचा इलेक्ट्रॉनिक शटर, लावाच. त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून एलईडीच्या उजेडात नवरीच्या शालूवर आडवे पट्टे फुकट मिळतात आणि वरातीत ढोलावर पडणारं टिपरू केळीसारखं वाकतं. फ्लॅश तर उडतच नाही. साधा शटर आणि १/१०० सेकंदाचा वेग ठेवला असता तर बऱ्याच दिव्यांत निभावलं असतं, पण मग लोकांना खटखट ऐकू आली असती.

स्टुडिओत फ्लॅशसाठी एफ/८, आयएसओ १००, १/१६० लावल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये अमावस्या दिसली तर थेट सर्व्हिस सेंटर गाठा. सेटिंग लाइव्ह व्ह्यूला लागू करण्याचा पर्याय मेनूत बंद करता येतो, हे तिथे कुणीतरी सांगेलच.

आणि डी७२०० काढून टाकू नका. त्यात दोन कार्डं बसतात, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते, ५० मिलिमीटर आपोआप फोकस होते. बॅकअप म्हणून तोही बॅगेत असू द्या. ७६५ ग्रॅमच तर आहे.