अनावरणाच्या आधीचे आणि नंतरचे काम

सप्टेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मुख्य ग्रंथालयाबाहेर अमेरिकन कवयित्री आणि लेखिका माया अँजेलू यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. शिल्पकर्ती लावा थॉमस यांनी तिथे नेहमीसारखा पुतळा उभा केलेला नाही. सुमारे नऊ फूट उंचीचे ब्राँझचे पुस्तक आहे आणि त्यावर अँजेलू यांचा चेहरा कोरलेला आहे. हे शिल्प मला मनापासून आवडते, परंतु आज मला त्याच्या सौंदर्याविषयी लिहायचे नाही. ते तिथे येण्यासाठी शहराला सहा वर्षे लागली, आणि त्या सहा वर्षांत शहराच्या कला आयोगाने जे केले, जे चुकवले आणि जे दुरुस्त केले, त्याविषयी लिहायचे आहे.

कला आयोग म्हणजे नेमके काय, हे आधी सांगते, कारण या शहरात अनेक वर्षे राहणाऱ्यांनाही ते ठाऊक नसते. सॅन फ्रान्सिस्कोचा आयोग १९३२ साली शहराच्या सनदेनुसार स्थापन झाला. त्याचे पंधरा आयुक्त महापौर नेमतात, आणि त्यांपैकी अकरा जण वास्तुरचना, दृश्यकला, साहित्य, रंगमंच, माध्यमकला अशा क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करणारे असावे लागतात. १९६९ पासून असा नियम आहे की शहराने नवी इमारत, उद्यान किंवा वाहतुकीचे मोठे बांधकाम हाती घेतले, तर बांधकामखर्चाच्या २ टक्के रक्कम कलेसाठी राखून ठेवायची. अमेरिकेतल्या शहरांत फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये अशा टक्केवारीचा पायंडा पाडला, पुढे सिएटल, शिकागो आणि न्यूयॉर्क यांनी तो उचलला. म्हणजे दरवर्षी कोणा पुढाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून न राहता कलेसाठी पैसा बांधकामाच्या हिशेबातूनच निघतो. ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात कलेला कोणाचे मिंधे व्हावे लागत नाही.

परंतु पैसा हाती आला की खरा प्रश्न उभा राहतो : निवड कोणी करायची? रीत अशी की आयोग जाहीर आवाहन करतो, आलेल्या अर्जांतून निवड समिती अंतिम फेरीचे मोजके कलावंत ठरवते, त्यांचे प्रस्ताव लोकांसमोर ठेवले जातात, समिती शिफारस करते आणि आयोग जाहीर बैठकीत त्यावर मत देतो. कागदावर हे कंटाळवाणे वाटते. मी या बैठकांची इतिवृत्ते वाचते तेव्हा पानेच्या पाने ठराव, अटी आणि कराराच्या रकमा यांतच जातात. तरीही या कंटाळवाण्या पायऱ्याच कलावंताचे एकमेव संरक्षण आहेत, हे अँजेलू स्मारकाच्या वेळी दिसून आले.

शहरातल्या सार्वजनिक कलाकृतींत खऱ्या, इतिहासातल्या स्त्रियांचे प्रमाण किमान ३० टक्के असावे, असा ठराव २०१८ मध्ये तिथल्या नगरसभेने केला. त्यातून अँजेलू यांचे स्मारक ठरले. किशोरवयात त्यांनी याच शहरात स्ट्रीटकारवर, म्हणजे ट्रामवर, कंडक्टर म्हणून काम केले होते. २०१९ मध्ये निवड समितीने थॉमस यांच्या पुस्तकरूपी शिल्पाची शिफारस केली. त्यानंतर मात्र ठराव मांडणाऱ्या लोकप्रतिनिधीला पारंपरिक, पूर्णाकृती पुतळाच हवा आहे असे सांगण्यात आले आणि ती शिफारस बाजूला सारून सगळी प्रक्रिया पुन्हा सुरू करण्यात आली. आवाहनात पूर्णाकृती पुतळ्याची अट नव्हती. एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या स्मारकासाठी रीतसर निवडल्या गेलेल्या कृष्णवर्णीय शिल्पकर्तीला, मागाहून सुचलेल्या अटीवर दूर करण्यात आले होते.

पूर्णाकृती पुतळा मागण्यात गैर काहीच नाही. ती आवड आहे आणि प्रत्येकाला आवड असते. पण ती अट पहिल्या आवाहनात लिहायला हवी होती. कलावंत महिनोन्‌महिने राबतो, प्रतिकृती करतो, लोकांचे म्हणणे ऐकतो, ते सगळे आयोगाने दिलेल्या शब्दावर. तो शब्द फिरवला तर पुढच्या आवाहनाला चांगले कलावंत अर्ज तरी का करतील? शहरातले कलावंत गप्प बसले नाहीत, आणि २०२० मध्ये आयोगाने जाहीर माफी मागून काम पुन्हा थॉमस यांच्याकडे सोपवले. सरकारी संस्थेने अशी उघड माफी मागणे दुर्मीळ आहे आणि त्याबद्दल मी आयोगाचा आदर करते.

लोकांचे ऐकून घेण्यातली दिरंगाई किती महाग पडते, याचे उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. तिथे केंद्र सरकारच्या कार्यालयांसमोरच्या चौकात १९८१ मध्ये शिल्पकार रिचर्ड सेरा यांचे ‘टिल्टेड आर्क’ हे १२० फूट लांब आणि १२ फूट उंच पोलादी शिल्प उभारले गेले. रोज चौक ओलांडणाऱ्यांच्या वाटेत ती भिंत आडवी आली. १९८५ च्या सुनावणीत सुमारे १८० जण बोलले आणि त्यांतले बहुतेक शिल्प ठेवावे असेच म्हणाले, तरी १९८९ मध्ये ते काढून टाकण्यात आले. सुनावणी झाली खरी, परंतु ती शिल्प उभे राहिल्यानंतर झाली, आणि तोवर दोन्ही बाजूंचे मन कडू झालेले होते. ते शिल्प मोठ्या तोलाचे होते असे मी मानते, आणि चौकातून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांची तक्रारही मला खरी वाटते.

उभी असलेली कलाकृती हलवणे हेही आयोगाचेच काम, आणि बहुधा सर्वांत अवघड. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिव्हिक सेंटरमध्ये १८९४ च्या पायोनियर स्मारकात ‘अर्ली डेज’ नावाचा एक शिल्पसमूह होता. त्यात एक मूळनिवासी पुरुष धर्मोपदेशक आणि घोडेस्वार यांच्या पायांशी पडलेला दाखवला होता. मूळनिवासी समाज कित्येक दशके तो हटवण्याची मागणी करत होता. नव्वदच्या दशकात मधला मार्ग म्हणून तिथे माहितीचा फलक लावला गेला, पण अपमान दाखवणारे शिल्प तसेच ठेवून बाजूला फलक लावल्याने कोणाचे समाधान व्हावे? २०१८ च्या मार्चमध्ये आयोगाने तो हटवण्याच्या बाजूने मत दिले, एप्रिलमध्ये अपील मंडळाने तो निर्णय फिरवला, आणि पुन्हा सुनावण्या होऊन अखेर १४ सप्टेंबर २०१८ च्या पहाटे क्रेनने तो उतरवण्यात आला.

त्यानंतर जे झाले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. एप्रिल २०१९ मध्ये त्या रिकाम्या चौथऱ्यावर शंभराहून अधिक मूळनिवासी माणसे जमली, कोणी पारंपरिक वेषात, कोणी रोजच्या कपड्यांत, आणि तिथे त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. आयोगानेच हा कार्यक्रम घडवून आणला होता. ज्या दगडावर त्यांचा पूर्वज पडलेला दाखवला होता, त्याच दगडावर ती माणसे ताठ उभी राहिली. कला आयोगाचे दोन विभाग, एक शिल्पे सांभाळणारा आणि दुसरा सांस्कृतिक कार्यक्रम करणारा, एकमेकांशी बोलू लागले की काय होऊ शकते, ते या छायाचित्रांत दिसते.

सांस्कृतिक कार्यक्रमांचा हा दुसरा विभाग बातम्यांत क्वचितच येतो. बेव्ह्यू ऑपेरा हाऊससारखी १८८८ सालची वास्तू आणि मिशन भागातले लॅटिनो कलाकेंद्र धरून चार सांस्कृतिक केंद्रे शहराच्या इमारतींत चालतात, आणि छोट्या संस्थांना व एकेकट्या कलावंतांना अनुदाने मिळतात. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनीच हॉटेलकराचा ठरावीक हिस्सा कला आणि संस्कृतीसाठी राखून ठेवला. मात्र हॉटेलकर पर्यटकांवर अवलंबून असतो. २०२० मध्ये हॉटेले ओस पडली, आणि ज्या वर्षी कलावंतांना मदतीची सर्वाधिक गरज होती, नेमका त्याच वर्षी हा झरा आटला.

शेवटी देखभाल. माझी खरी तळमळ इथे आहे. टेलिग्राफ हिलवरच्या कॉइट टॉवरमध्ये १९३४ साली, मंदीच्या काळात, केंद्र सरकारच्या पगारावर पंचवीसएक चित्रकारांनी भिंती रंगवल्या. बहुतेक चित्रे फ्रेस्को पद्धतीची आहेत, म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंग लावून तो भिंतीतच मुरू द्यायचा. व्हिक्टर आर्नाटॉफ यांच्या चित्रातला गजबजलेला रस्ता, मॅक्सिन अल्ब्रो यांच्या चित्रातली शेते, हे सगळे हाताच्या अंतरावर असते. तळमजल्याची वाट अरुंद आहे. एकदा मी लिफ्टच्या रांगेत उभी असताना पुढचा माणूस मित्राशी बोलायला वळला आणि त्याच्या पाठपिशवीचे बक्कल भिंतीला घासत गेले. त्याच्या लक्षातही आले नाही. मी वाकून पाहिले तर खांद्याच्या उंचीवर अशा बारीक पांढऱ्या रेघा आधीपासूनच होत्या. रंग उडाला की आतला गिलावा दिसतो, आणि पाणी मुरले की तो गिलावाच फुगतो.

ही हानी वर्षानुवर्षे साचत गेली. शेवटी नागरिकांनी सह्या गोळा केल्या आणि जून २०१२ मध्ये टॉवरचे उत्पन्न आधी टॉवरच्या देखभालीवर आणि चित्रांच्या जतनावर खर्च व्हावे, असा प्रस्ताव निसटत्या बहुमताने मंजूर झाला. मग दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये टॉवर पुन्हा खुला झाला. परंतु शहराच्या संग्रहात हजारो कलाकृती आहेत आणि प्रत्येकीसाठी सह्यांची मोहीम निघू शकत नाही. ब्राँझला ठरावीक काळाने धुवून मेण लावावे लागते, मोझेकच्या निखळलेल्या फरशा बसवाव्या लागतात, दिव्यांच्या शिल्पांचे सुटे भाग बाजारात मिळेनासे होतात. नव्या शिल्पासाठी पैसा बांधकामाबरोबर आपोआप येतो, आणि जुन्याच्या जतनासाठी दर अंदाजपत्रकात हात पसरावे लागतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आयोग नव्या कलाकृतीला मंजुरी देतो त्याच ठरावात तिची देखभाल कोण करणार, किती वर्षांनी करणार आणि त्यासाठी दरवर्षी किती रक्कम लागणार, या तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात आणि बैठकीत त्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात. अँजेलू यांच्या ब्राँझच्या पुस्तकावर खाडीकडून येणारे दमट, खारे धुके रोज बसते आहे. त्याला पहिले मेण कधी लागणार, हे मला पुढच्या बैठकीत नागरिकांसाठी राखलेल्या वेळेत विचारायचे आहे, आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी माझ्याबरोबर यावे.