फलाट क्रमांक ९९९९

सोमवारपासून आमच्या लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघून आवाज खाली घेतात. 'त्या वात्रट माणसाचा मित्र' अशी माझी नवी ओळख झाली आहे. तो वात्रट माणूस कोण, हे मला पक्कं ठाऊक आहे. तो दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि ही अफवाही त्यानेच पसरवली आहे.

मी हॅम आहे, म्हणजे हौशी रेडिओवाला. रीतसर परीक्षा दिलेला, व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, मिळालेला. परवाना आला तेव्हा बायकोने सोसायटीत पेढे वाटले, तर निम्म्या लोकांनी "दुकान कुठे काढताय?" असं विचारलं. पुढे मी गच्चीवर अँटेना लावायची परवानगी मागितली. जेमतेम मीटरभर उंचीची, फडकं वाळत घालायच्या काठीपेक्षा बारीक. सभेत तिच्यावर पाऊण तास चर्चा झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी उठून सांगितलं की वीज पडेल, कावळे बसतील, आणि ज्यांचा बायपास झालाय त्यांना लहरी सोसत नाहीत. त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर उभा आहे. त्याच्या लहरी सोसतात, कारण त्याचं भाडं येतं.

म्हणून इकोलिंक. २००२ साली एका अमेरिकन हॅमने काढलेलं हे सॉफ्टवेअर. अँटेना नसली तरी संगणकावर टाकायचं, परवान्याची प्रत पाठवून आपण खरेच हॅम आहोत हे पटवायचं, आणि इंटरनेटवरून जगभरच्या हॅमशी आणि त्यांच्या रिपीटरशी, म्हणजे आवाज पुढे पोचवणाऱ्या यंत्रांशी, बोलायचं. जुने खोड हॅम याला रेडिओच मानत नाहीत. माझा खराखुरा वॉकीटॉकी त्या वेळी शेजारीच बंद पडलेला असतो. मीही त्याच्याकडे फारसं बघत नाही.

इन्स्टॉल व्हायला दोन मिनिटं लागली आणि चालू व्हायला चार संध्याकाळी. इकोलिंकला ५१९८ आणि ५१९९ या नंबरचे पोर्ट, म्हणजे इंटरनेटची अदृश्य दारं, बाहेरून आत यायला उघडे लागतात. राउटरमध्ये मी ते उघडले, तरी कोणी आत येईना. इंटरनेटवाल्याकडे तक्रार केली, तेव्हा एक मुलगा घरी आला. त्याला म्हटलं, "मला पोर्ट उघडून हवेत."

त्याने राउटर उलटा करून मागची चार भोकं पाहिली. "उघडेच आहेत की सर."

"ते नव्हेत. ५१९८."

"एवढे नसतात सर. चारच येतात." आणि जाताना फीडबॅकमध्ये पाच तारे द्यायला सांगून गेला. मी दिले. बिचारा चार जिने चढून आला होता, लिफ्ट बंद होती.

खरी गोम मला रात्री एक वाजता सापडली. राउटरच्या सेटिंगच्या पानावर माझा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी, १००ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ या टापूतला पत्ता दिसला की समजावं, आपल्याला स्वतःचं घर नाही, आपण चाळीत राहतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो कंपनीचा एकच पत्ता, त्याच्यामागे शेकडो बिऱ्हाडं. पत्र चाळीपर्यंत येतं, पण खोली नंबर नसल्यामुळे पोस्टमन परत जातो. आतून बाहेर हाका मारा हव्या तेवढ्या. स्वतंत्र पत्ता पाहिजे तर महिन्याला वेगळे पैसे, आणि तोही 'घरगुती प्लॅनवर मिळत नाही सर'.

इथे मनाला जे लागलं ते वेगळंच. इंटरनेट बाळसं धरत होतं तेव्हा, १९८१च्या सुमारास, जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांसाठी ४४ने सुरू होणारे सगळे पत्ते राखून ठेवले गेले. एकूण १ कोटी ६७ लाखांच्या वर! फुकट. २०१९ मध्ये त्यांतले पाव हिस्सा, म्हणजे सुमारे ४२ लाख, ते सांभाळणाऱ्या संस्थेने अॅमेझॉनला विकले. म्हणजे वडिलोपार्जित जमीन एवढी की तुकडा विकून संस्था चालावी, आणि त्याच घराण्यातला मी चाळीतल्या खोलीत ५१९८ नंबरचं दार ठोकत बसलोय. सातबाऱ्यावर आपलं नाव असून काय उपयोग, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

उपाय निघाला तो प्रॉक्सीचा, म्हणजे मधल्या दुसऱ्या संगणकाचा. कोण कुठले दयाळू हॅम आपापल्या घरून सार्वजनिक प्रॉक्सी चालवतात. त्यातून गेलं की पोर्टबीर उघडावे लागत नाहीत. फक्त एका प्रॉक्सीवर एका वेळी एकच माणूस. यादी उघडायची आणि एसटी स्टँडवरच्या शौचालयासारखी एकेक कडी हलवून बघायची. रविवारी संध्याकाळी पावणेसातला एक मोकळा मिळाला. सात वाजता न्यू जर्सीतला माझा कॉलेजमित्र, तोही हॅम, वाट बघणार होता. मधल्या वेळात माइक तपासावा म्हणून मी नोड, म्हणजे इकोलिंकवरचं ठिकाण, ९९९९ जोडला. हा इकोलिंकचा चाचणी नोड. आपण बोलायचं, थांबायचं, की तो आपलंच बोलणं आपल्याला जसंच्या तसं ऐकवतो. स्पेसबार एकदा दाबला की बोलणं सुरू, पुन्हा दाबला की बंद.

तेवढ्यात बेल वाजली. अण्णा. टँकरच्या वर्गणीची पावती घेऊन.

अण्णांनी तीस वर्षं कराड स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. माइक दिसला की त्यांचा हात आपोआप जातो. मी पाकीट शोधायला आत गेलो आणि बाहेरून आवाज आला, "हॅलो, हॅलो." मग स्पीकरमधून, "हॅलो, हॅलो."

"अरे, कोणीतरी आहे इथं!" अण्णा खुर्चीत बसले होते.

"अण्णा, तो तुमचाच आवाज आहे."

"मला माझा आवाज कळत नाही? तीस वर्षं कर्ण्यावर ऐकलाय." हे खरं तर अवघडच. स्वतःचा आवाज आपण कवटीतून ऐकतो. यंत्रातून आला की तो कुणा परक्याचा, जरा किरटा वाटतो. पण हे सांगायला मला कोणी वेळ दिला नाही.

"कोण बोलतंय?" अण्णांनी विचारलं.

"कोण बोलतंय?"

"मी आधी विचारलं."

"मी आधी विचारलं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "हट्टी आहे. पण बोलणं आपल्याकडचं आहे हां. कराडच्या वरच्या अंगाचं." आणि माइक ओढून, "गाव कुठलं?"

"गाव कुठलं?"

"आमचं पाटण तालुक्यात. ढेबेवाडीकडं."

"आमचं पाटण तालुक्यात. ढेबेवाडीकडं."

अण्णा उभेच राहिले. साठ वर्षांनी जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा तसा चेहरा. "ढेबेवाडी! बघ, जग केवढंसं आहे. हा बसलाय कुठं, अमेरिकेत?"

"अण्णा, कुठेच नाही. ते यंत्र आहे. मला सात वाजता—"

"थांब रे. कोणाचा तू?"

"कोणाचा तू?"

अण्णांचा चेहरा उतरला. "एकेरीवर येऊ नका."

"एकेरीवर येऊ नका."

"वयाचा मान ठेवा काहीतरी!"

"वयाचा मान ठेवा काहीतरी!"

हे सात वाजून वीस मिनिटांपर्यंत चाललं. मी दोनदा माउसकडे हात नेला आणि दोन्ही वेळा अण्णांनी तो चापट मारून बाजूला केला. त्यांच्या काळात प्रवासी केबिनमध्ये हात घालायचे तेव्हाची सवय. शेवटचा शब्द आपला असावा म्हणून ते बोलत, आणि शेवटचा शब्द दर वेळी त्याचा होई. तावातावाने उठताना त्यांच्या कोपराने माइकची वायर निघाली आणि प्रॉक्सीही तुटला. पुन्हा जोडायला गेलो तर आत दुसरा कोणीतरी बसलेला. न्यू जर्सीहून फोनवर मेसेज आला होता: 'झोपलास का? मुलीला स्विमिंगला न्यायचंय, निघतो.' चार संध्याकाळी, एक परवाना, आणि माझ्या कॉलसाइनवर आजवर झालेला एकमेव संपर्क हा ढेबेवाडी ते ढेबेवाडी. टँकरचे तीनशे रुपये मात्र अण्णा न विसरता घेऊन गेले.

सोमवारी लिफ्टमध्ये ते सगळं पसरलं. 'याच्या मशीनवर कोणी आपल्याच भागातला आहे, पण वळण नाही.'

काल संध्याकाळी पुन्हा बेल वाजली. अण्णा धुतलेला शर्ट घालून आले होते. "तो आहे का?"

मी जोडून दिला. कशाला वाद! अण्णा खुर्चीत नीट बसले, घसा साफ केला, आणि त्यांचा जुना, खणखणीत आवाज खोलीभर झाला, "पाटणमार्गे चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे."

पलीकडून गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं.

"घोषणा चांगली करतो," ते म्हणाले. "डेपोतलाच असणार. उगाच बोललो त्या दिवशी." मला एकदम वाटलं, वेळ बरी आहे. म्हटलं, "अण्णा, असे कितीतरी लोक भेटतील. फक्त गच्चीवर ती अँटेना लावली तर..."

अण्णांनी विचार केला. मग स्पेसबार दाबला. "हा मुलगा अँटेना लावतो म्हणतोय. माझी हरकत आहे."

"हा मुलगा अँटेना लावतो म्हणतोय. माझी हरकत आहे."

"बघ," अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याचीही आहे."