गुन्हा नोंदला, निकालाचा रकाना कोराच

आज दुपारी बाबा तालुक्याहून चौथ्यांदा रिकाम्या हाताने परतले. पिशवीतली निकालाची नक्कल माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तिथला माणूस म्हणतो, नाव आहे म्हणजे काहीतरी केलेच असणार." सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागले, याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. ती कशासाठी लागते हे कोकणातल्या मित्रांना सांगायला नको. भात पोटरीत आले की रानडुकरे उतरतात आणि एका रात्रीत अख्खा कुणगा लोळवून जातात. बार काढायचा तोही हवेत. आजोबा गेल्यावर आम्ही बंदूक रीतसर जमा केली आणि बाबांनी वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज केला. पोलिसांच्या अहवालात ओळ आली, ती एवढीच: अर्जदाराविरुद्ध १९९८ मध्ये गुन्हा दाखल आहे.

गुन्हा कसला, तर बांधाचा. शेजारच्या काकांनी बांध हातभर सरकवला असे आमचे म्हणणे होते, आम्हीच सरकवला असे त्यांचे. शिवीगाळ झाली, ढकलाढकली झाली, काकांचे कोपर खरचटले आणि भारतीय दंड संहितेची ४४७, ३२३ आणि ५०४ ही कलमे बाबांवर आणि आजोबांवरही लागली. २००१ मध्ये कोर्टात तडजोड झाली. अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो, हे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये स्वच्छ लिहिलेले होते.

ठाण्यातल्या नोंदीत मात्र गुन्हा दाखल झाल्याची तारीख आहे आणि निकालाचा रकाना कोरा आहे. लिहायचे राहिले त्यांच्याकडून आणि खेटे घालतात बाबा! ठाणे म्हणते, कोर्टाकडून कळवणी आली नाही. कोर्टातले म्हणतात, नक्कल दिली, आमचे काम संपले. परवाना शाखा म्हणते, पोलिसांचा सुधारित अहवाल आणा. नक्कल मिळवणेही सोपे नव्हते, कारण खटल्याचा क्रमांक कोणालाच आठवत नव्हता. अखेर तो सापडला शेजारच्या काकांच्या ट्रंकेत, त्यांना आलेल्या साक्षीच्या समन्सवर. ज्यांनी फिर्याद केली, त्यांनीच ती मिटल्याचा माग काढून दिला, तरीही सरकारदरबारी ती मिटलेली नाही.

आणखी एक गोष्ट मला राहून राहून खुपते. बांधाच्या त्याच भांडणात आजोबाही आरोपी होते, आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी त्यांच्या परवान्याचे नूतनीकरण बिनबोभाट होत गेले. तेव्हा जो गुन्हा कोणाच्या डोळ्यांना दिसला नाही, तो आता बाबांच्या अर्जावर एवढा ठळक कसा झाला?

बंदूक मागणाऱ्याची कसून चौकशी व्हावी, हे मला मान्य आहे. भलत्याच्या हाती हत्यार गेले तर पहिल्यांदा आपणच ओरडू. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ नुसार पोलिसांचा अहवाल मागवावाच लागतो, तेही योग्यच. पण बंदी घालताना कलम ९ शिक्षा झालेल्या माणसाबद्दल बोलते, कधीकाळी नुसती फिर्याद झालेल्या माणसाबद्दल नाही. परवाना नाकारायचा असेल तर कलम १४ प्रमाणे कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते. आमचा अर्ज ना मंजूर झाला, ना नामंजूर. नकारच हातात नसेल तर अपील कशावर करायचे, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

लिहिता लिहिता राग थोडा निवला. समोरच्या कारकुनाचा तरी काय दोष म्हणावा, त्याच्या पडद्यावर जे दिसते तेच तो वाचतो. पण "काहीतरी केलेच असणार" हे पडद्यावर नव्हते, ते त्याचे स्वतःचे होते.

सोमवारी मी बाबांबरोबर जाणार आहे. नक्कल जोडून नोंद दुरुस्तीचा लेखी अर्ज ठाण्यात द्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय हलायचे नाही, असे ठरवले आहे. शेजारचे काकाही येतो म्हणाले आहेत. आत्ता ते दोघेही राखणीला गेले आहेत. त्याच बांधाच्या अलीकडे बाबा आणि पलीकडे काका, पत्र्याचे डबे बडवीत बसले आहेत.