खुर्द्याची गणती

पानिपतच्या बातमीचं ते सांकेतिक पत्र आपल्याकडे बहुतेकांना पाठ असतं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. भाऊसाहेब आणि विश्वासराव शाळेतल्या पोरालाही माहीत आहेत. खुर्दा मात्र खुर्दाच राहिला.

हे पत्र बाबांना आठवलं ते उत्तर फ्रान्समधल्या एका टेकडीवर, नोत्र-दाम-द-लोरेतला. तिथे 2014 साली उभारलेलं एक मोठं लंबवर्तुळ आहे, आतल्या बाजूने तीन-तीन मीटर उंच धातूचे 500 पत्रे लावलेले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या त्या उत्तर टोकाला जे मेले त्यांची 5,79,606 नावं त्यावर आहेत. हुद्दा नाही, देश नाही, कोण जिंकलं कोण हरलं काही नाही. नुसती वर्णानुक्रमे नावं. जर्मन, फ्रेंच, इंग्रज नावांच्या अधेमधे सिंग आणि खान दिसायला लागले तसे बाबा थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यांनी खुर्दा मोजला गं."

मी हे लिहिते आहे कारण आपल्याकडून दरवर्षी इतकी माणसं युरोपला जातात आणि फ्रान्स म्हणजे आयफेल टॉवर, सीन नदीतली बोट आणि फार तर नेपोलियनची समाधी, एवढ्यावर परत येतात. आम्ही चौकशी केली तेव्हा टूरवाल्यांनी सरळ सांगितलं, तिकडे बघण्यासारखं काही नाही, शेतं आहेत. शेतं आहेत हे खरं आहे. म्हणून तर जायचं.

पहिल्यांदा आम्ही व्हर्दनला गेलो. पॅरिसहून वेगवान रेल्वेने तासाभरात जवळच्या स्टेशनवर उतरता येतं, पुढे बस. 21 फेब्रुवारी 1916 ला सुरू झालेली लढाई 18 डिसेंबरला संपली. दहा महिने, आणि दोन्ही बाजूंचे मिळून तीन लाखांच्या आसपास मेले. बाबा आयुष्यभर गड फिरलेले, त्यामुळे दुओमों किल्ल्याचं त्यांना फार कौतुक होतं. एवढा बलाढ्य किल्ला, पण आत जेमतेम साठेक माणसं ठेवलेली आणि लढाईच्या पाचव्याच दिवशी मूठभर जर्मनांनी तो जवळजवळ न लढता घेतला. (कोंडाजी फर्जंदाने साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला ते बाबांनी तिथल्या तिथे मला ऐकवलं. इथे साठ जण आत होते, एवढाच फरक!) परत घ्यायला फ्रेंचांना 24 ऑक्टोबर उजाडला. आत अजून छतातून पाणी ठिबकतं, भिंतींना ओल आहे. एका बोगद्याच्या तोंडाशी भिंत घातलेली आहे. मे महिन्यात आत स्फोट होऊन शेकडो जर्मन सैनिक मेले, त्यांना बाहेर काढून पुरणं जमेना म्हणून तिथेच चिणलं. त्या भिंतीसमोर कोणी मोठ्याने बोलत नाही.

पण मला किल्ल्यापेक्षा फ्लरी गावाने जास्त हलवलं. त्या लढाईत नऊ गावं अशी नष्ट झाली की फ्रान्सने ती 'फ्रान्ससाठी मेलेली गावं' म्हणून जाहीर केली. त्यातली सहा पुन्हा कधीच वसवली नाहीत. फ्लरीत आज एकही माणूस राहत नाही, तरी गावाला अजून महापौर नेमतात. जमीन अशी की एक हात सपाट सापडणार नाही, खड्ड्याला लागून खड्डा, त्यावर गवत आणि वर झाडं. मधून पायवाट जाते आणि जागोजागी छोट्या पाट्या आहेत. इथे शाळा होती. इथे लोहार. बेकरीच्या पाटीशी मी उभी राहिले. पाटीमागे दोन हात खोल खड्डा, तळाला पावसाचं पाणी, त्यात एक बेडूक. बाकी काही नाही. इथे पहाटे पाव भाजले जात होते हे सांगायला ती एक पाटी.

हे मला मनापासून आवडलं आणि आपल्या गडांसाठी खूप लागलंही. त्यांनी ते खड्डे बुजवले नाहीत. फरशी घातली नाही, कारंजं केलं नाही. जे मोडलं ते मोडलेलं ठेवलं आणि त्याचं नाव लावलं. आपल्याकडे संवर्धन म्हटलं की पहिली सिमेंटची गोणी येते. ढासळलेला बुरूज ढासळलेला दिसला तर आपला कमीपणा होतो असं आपल्याला का वाटतं? तो तोफांनी पडला असेल तर त्याचं पडणं हाच इतिहास आहे.

आता ज्याच्यासाठी ही सगळी पोस्ट, ते नव-शापेल. उत्तर फ्रान्समधल्या लील शहरातून गाडीने अर्धा-पाऊण तास. बटाट्याची, बिटाची शेतं, एक चौक, आणि चौकाला लागून पांढरी गोल भिंत. आत पंधरा मीटर उंच स्तंभ, अशोकस्तंभावरून सुचलेला, पायथ्याशी दोन वाघ. ईश्वर एक आहे आणि विजय त्याचा, अशा अर्थाची ओळ चार लिप्यांमध्ये कोरली आहे. त्यात देवनागरी दिसली आणि माझ्या घशात आवंढा आला. 1927 साली हे स्मारक उघडलं. ज्यांची कबर कुठेच नाही अशा 4,700 हून जास्त हिंदुस्थानी सैनिकांची आणि मजुरांची नावं त्या भिंतीवर आहेत.

बाबांची सगळी नोकरी खडकीत गेली. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र त्यांच्या रोजच्या वाटेवर. 28 ऑक्टोबर 1914 ला याच नव-शापेलमध्ये खडकीच्या सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्यांना 47व्या शीख पलटणीबरोबर हल्ल्यात घातलं. ही पूल बांधणारी, खंदक खणणारी कारागीर माणसं. त्यांना पायदळासारखं संगिनी लावून गावात सोडलं. घराघरातून लढून त्यांनी गाव घेतलं, मागून कुमक आली नाही, आणि परत फिरताना कापले गेले. महिन्याभरापूर्वी मार्सेय बंदरात उतरली होती ती सुती खाकीत, पुढे युरोपचा हिवाळा.

भिंतीवर नावं पलटणीप्रमाणे आहेत. बाबांनी सॅपर्सचा भाग शोधला आणि बोट ठेवून एकेक नाव वाचायला लागले. इंग्रजी स्पेलिंगमध्ये अडकलेली नावं, कित्येकांना आडनावच नाही. प्रत्येक नाव ते दोनदा म्हणत, एकदा लिहिलंय तसं आणि एकदा घरी म्हणत असतील तसं. अर्ध्या तासात आमच्याशिवाय तिथे कोणी आलं नाही.

मला माहीत आहे, कोणी म्हणेल हे सैनिक पोटासाठी गेले, परक्या राजासाठी लढले, त्यांचं कसलं कौतुक? शिपायाला महिना अकरा रुपये मिळत, हे खरं. पण अकरा रुपयांसाठी सातासमुद्रापार जावं लागलेला माणूस आपला नाही, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आमच्या आजोळी, साताऱ्याकडे, चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके लोक 1914 ते 1919 च्या महायुद्धावर गेले, त्यातले इतके मेले. फक्त आकडे. नाव एकाचंही नाही. आपल्या भागातले बहुतेक मराठे मेसोपोटेमियात गेले, त्यामुळे ती माणसं नव-शापेलच्या भिंतीवर नसणार, हे कळत होतं. तरी मी शोधत होते.

जाणार असाल तर पॅरिसमधला खरेदीचा एक दिवस कापा. लीलला मुक्काम करा, नव-शापेल आणि लोरेत एका दिवसात होतात. वयस्कर माणसांना अजिबात त्रास नाही, सगळं सपाट आहे. मुलांना न्या. व्हर्दनला दुओमोंच्या अस्थिगृहात जमिनीलगत छोट्या खिडक्या आहेत, त्यातून आत रचलेली हाडं दिसतात. एक लाख तीस हजार अनोळखी सैनिकांची, फ्रेंच आणि जर्मन एकत्र. मुलांना ते दाखवायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण तिथे सेल्फी काढू देऊ नका.

निघताना बाबांनी सॅपर्सच्या सगळ्या नावांचे फोटो काढायला लावले. आता रोज संध्याकाळी ते भिंग घेऊन बसतात आणि दोनशे पानी वहीत ती नावं देवनागरीत उतरवतात. एखाद्या स्पेलिंगपाशी अडले की मला हाक मारतात, "हे काय असेल गं, बघ जरा." काल पाचवं पान झालं.

तुमच्या गावात चावडीवर, शाळेत, देवळाच्या ओवरीत अशी पाटी असेल तर फोटो काढून खाली टाका. आणि घरात कोणाला त्यातलं एखादं नाव माहीत असेल तर तेही लिहा. बाबांच्या वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत.